घर बदलले, वारसा राहिला का?



'वारसा' हा शब्द अलीकडे वारंवार कानावर पडतो. वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पवनीचा किल्ला येतो, अंबागड येतो, पवनीच्या टेकडीत सापडलेले स्तूपाचे अवशेष येतात. या वास्तू जुन्या आहेत, भव्य आहेत आणि आज त्यांत कोणाचा संसार चालत नाही. त्या जपाव्यात की नाही, याबद्दल म्हणून फारसा वाद होत नाही. वाद सुरू होतो तो साध्या राहत्या घरापाशी. समजा, चाळीस वर्षांपूर्वी एका नामांकित वास्तुरचनाकाराने आखलेले, विटा-सिमेंटचे एक लहानसे घर आहे. मालकाने त्यावर मजला चढवला, कौले काढून स्लॅब टाकला, ओसरी बंद करून खोली केली, खिडक्यांना लोखंडी जाळ्या ठोकल्या. अशा घराला वारसा म्हणायचे का? आणि म्हटले, तर 'आता यापुढे एक वीटही हलवू नकोस' असे त्या मालकाला सांगण्याचा अधिकार कोणाला?

हा प्रश्न वरवर पाहता इंजिनियरांचा आणि नगरपरिषदेचा वाटतो. पण थोडे खोलात गेलो की लक्षात येते, हा नीतीचा प्रश्न आहे. त्यात मालकीचा हक्क आहे, शेजारधर्म आहे आणि 'बदलूनही तीच राहते' असे आपण एखाद्या वस्तूबद्दल केव्हा म्हणू शकतो, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्नही आहे. म्हणून या रविवारी आपण त्यावर थोडा विचार करू.

बेलापूरची वसाहत

उदाहरण नवी मुंबईचे घेऊ. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुले नोकरीसाठी त्या बाजूला गेली आहेत, त्यामुळे बेलापूर हे नाव आपल्याला परके नाही. तेथे डोंगराच्या पायथ्याशी एक वसाहत आहे. लोक तिला 'आर्टिस्ट व्हिलेज' म्हणतात. सिडकोसाठी ती १९८३ ते १९८६ या काळात आखली चार्ल्स कोरिया यांनी. कोरिया (१९३०–२०१५) मूळ गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुढे अमेरिकेत ते शिकले. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय आणि भोपाळचे भारत भवन या त्यांच्या प्रसिद्ध वास्तू. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर त्यांनी १९६०च्या दशकात मांडली होती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर पहिली काही वर्षे ते या नव्या शहराचे मुख्य वास्तुरचनाकार होते.

बेलापूरला त्यांच्या हाती साधारण ६ हेक्टर जमीन होती आणि साडेपाचशेच्या आसपास कुटुंबांची सोय करायची होती. उंच इमारती बांधणे सोपे होते. कोरियांनी तसे केले नाही. त्यांनी सात घरांचा एक गट केला आणि मध्ये आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद असे एक सामाईक अंगण ठेवले. असे तीन गट जोडून एकवीस घरे झाली, त्यांना बारा मीटरचा मोठा चौक. तशा तीन समूहांना मिळून आणखी मोठा, वीस मीटरचा चौक. वसाहतीतून वाहणारा ओढा मोकळा ठेवला. भूखंड ४५ चौरस मीटरपासून ७५ चौरस मीटरपर्यंत. येथे थोडे थांबा. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या भूखंडात दुपटीचाही फरक नाही. कमी मिळकतीच्या माणसाचे घर लहान असेल, पण पायाखालची जमीन त्याला जवळजवळ इतरांएवढीच मिळाली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. प्रत्येक घर आपापल्या जागेवर स्वतंत्र उभे केले. शेजारच्या घराशी मुख्य भिंत सामाईक ठेवली नाही. कारण सरळ होते. आज ज्याच्याजवळ एका खोलीचे पैसे आहेत, त्याच्याजवळ दहा वर्षांनी दुसऱ्या खोलीचे येतील. तेव्हा त्याला शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का न लावता आपले घर वाढवता आले पाहिजे. बांधणीही विटा, गिलावा, कौले अशी साधी ठेवली, गावातल्या मिस्त्रीला जमेल अशी. घर पूर्ण करून न देता वाढते घर द्यावे, हे सूत्र कोरियांनी 'द न्यू लँडस्केप' या १९८५ च्या पुस्तकातही मांडले आहे. लोकांच्या हातून घर बदलणार, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून धरूनच चालले होते.

आणि घरे बदललीही. गेल्या चार दशकांत बेलापूरची पुष्कळ मूळ घरे पाडली गेली. त्यांच्या जागी दोन-तीन मजली काँक्रीटची घरे आली. कौलांच्या उतरत्या छपरांची, पांढऱ्या भिंतींची जुनी घरे आता शोधावी लागतात. वास्तुकला शिकणारे विद्यार्थी तेथे जातात, पुस्तकातले छायाचित्र हातात धरतात आणि समोरचे घर पाहून गोंधळतात. त्यांतला कोणी हळहळतो, 'सगळे बिघडवून टाकले.' मालक म्हणतो, 'पोरगा लग्नाचा झाला, खोली कोठून आणू?'

दोघांचेही थोडे खरे

हळहळणाऱ्याची थट्टा करू नये. सुंदर आणि विचारपूर्वक केलेली गोष्ट नष्ट होणे, ही खरीच हानी आहे. आपल्याकडे जुने म्हणजे राजेरजवाड्यांच्या काळातले, अशी समजूत असल्यामुळे अलीकडच्या चांगल्या वास्तूंना संरक्षण मिळत नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरायला वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे 'हॉल ऑफ नेशन्स' हे राज रेवाल यांचे १९७२ सालचे सभागृह एप्रिल २०१७ मध्ये पाडले गेले. साठ वर्षे पूर्ण झाली नाहीत म्हणून वारसा समितीने त्याचा विचार केला नव्हता. वय कमी म्हणून मोल कमी, हा हिशेब बरोबर नाही.

पण मालकाचेही म्हणणे नीट ऐकले पाहिजे. घर ही प्रदर्शनातली वस्तू नव्हे. दुसऱ्याच्या डोळ्यांना बरे वाटावे म्हणून एखाद्या कुटुंबाने पावसाळ्यात गळकी कौले सोसायची आणि सहा माणसांनी दोन खोल्यांत निजायचे, असे सांगणे सोपे आहे. सोसायचे मात्र त्यांनाच असते. जपण्याचा आनंद साऱ्यांचा असेल, तर जपण्याचा खर्चही साऱ्यांनी उचलावा, हा साधा न्याय आहे. श्रीमंताच्या बंगल्याला आणि कारकुनाच्या दोन खोल्यांना एकच नियम लावला, तर तो कागदावर समान दिसतो, पण त्याचा भार दोघांवर सारखा पडत नाही.

तीच वस्तू म्हणजे काय?

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. ग्रीक लेखक प्लुटार्क याने एक कोडे नोंदवून ठेवले आहे. थिसियस नावाच्या वीराचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले. एखादी फळी कुजली की ते ती काढून नवी बसवत. असे करता करता सगळ्याच फळ्या बदलल्या. आता हे जहाज तेच की वेगळे? पुढे सतराव्या शतकात इंग्रज विचारवंत हॉब्स याने त्यात भर घातली. समजा, कोणी त्या जुन्या फळ्या गोळा करून त्यांचे दुसरे जहाज उभे केले, तर खरे जहाज कोणते?

हेच बेलापूरला लावून पाहा. समजा, एखाद्या संग्रहालयाने तेथील सगळी मूळ कौले, दारे, खिडक्या विकत घेतल्या आणि एका मोठ्या दालनात सात घरे जशीच्या तशी रचली. साहित्य अगदी मूळचे. पण त्या अंगणात मूल खेळणार नाही, भांडण होणार नाही, वाळवण पडणार नाही. याला कोणी बेलापूरची वसाहत म्हणणार नाही. म्हणजे वस्तूची ओळख केवळ तिच्या द्रव्यात नसते.

अ‍ॅरिस्टॉटलने हे फार पूर्वी सांगितले. वस्तू समजून घ्यायची तर ती कशाची बनली एवढे पुरत नाही. तिची घडण कोणती, ती कोणी घडवली आणि ती कशासाठी आहे, हेही विचारावे लागते. विटा हे घराचे द्रव्य. माणसांना ऊन-पावसापासून आसरा देणे हे घराचे प्रयोजन. संत थॉमस अक्वायनस यांनी आणखी एक दाखला दिला आहे, तो आपल्या चुलीजवळचाच आहे. जळती लाकडे राख होत जातात, आपण नवी सारत जातो, तरी आग तीच राहते. शहराचेही तसेच: माणसे मरतात, नवी जन्मतात, शहर तेच राहते.

हा दाखला नीट पाहिला, तर त्यातून एक भेद हाती लागतो. लाकूड सारत राहणे निराळे आणि चूल विझवून, राख काढून, दुसऱ्या दिवशी नवा विस्तव करणे निराळे. एका खोलीला दुसरी खोली जोडणे, ओसरीवर छप्पर वाढवणे, हे लाकूड सारणे झाले. घर मुळासकट पाडून त्या जागी तीन मजली पेटी उभी करणे, म्हणजे विस्तव विझवून नवा पेटवणे. त्याला 'घर वाढवले' म्हणू नये. ते घर गेले, दुसरे आले. येथे हळहळणाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे.

पण अक्वायनस यांनी दिलेला शहराचा दाखला आपल्याला एक पायरी वर नेतो. एकेक घर गेले, तरी वसाहत राहू शकते. बेलापूरला काय आखले होते? साडेपाचशे सुटी घरे नव्हेत, तर सातांचे अंगण, एकविसांचा चौक, मोकळा ओढा आणि जमिनीचा जवळजवळ समान वाटा. ही रचना आजही ओळखता येते. घरे उंच झाली, रंग बदलले, पण सात दारे अजून एका अंगणाकडे उघडतात, तोपर्यंत ती वसाहत तीच आहे. आणि उद्या एखाद्याने मूळचे कौलारू घर अगदी निगुतीने जपले, पण सामाईक अंगणात कुंपण घालून ते आपल्याकडे ओढले, तर त्याचे घर मूळचे राहील आणि वसाहत मात्र मोडेल.

माझे म्हणणे एवढेच आहे. अशा घराचा वारसा त्याच्या कौलांत थोडा आणि त्याच्या अंगणात फार आहे. ज्या भागावर कोणा एकाची मालकी नाही, तोच भाग जपण्याचे कर्तव्य सर्वांत मोठे. भिंतीच्या आत मालकाला मोकळीक असावी. भिंतीबाहेर, जेथे शेजाऱ्याचा उजेड, वारा आणि वाट सुरू होते, तेथे त्याचा हक्क संपून त्याचा धर्म सुरू होतो. तिसरा मजला शेजाऱ्याचे ऊन खात असेल, तर तेथे केवळ शोभा जात नाही, दिलेला शब्द मोडतो.

पेसाकचा अनुभव

फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ पेसाक येथे ल कॉर्ब्युझिए यांनी, म्हणजे ज्यांनी पुढे चंदीगड आखले त्यांनीच, १९२०च्या दशकात कामगारांसाठी सुमारे पन्नास घरे बांधली. सपाट गच्ची, लांबच लांब खिडक्या, कोठेही नक्षी नाही. राहायला आलेल्या लोकांनी गच्चीवर उतरते छप्पर घातले, खिडक्या लहान केल्या, मोकळ्या जागा बंद करून खोल्या केल्या. जाणकार म्हणू लागले की प्रयोग फसला. १९६९ मध्ये फिलिप बूदाँ यांनी या वसाहतीचा अभ्यास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. लोकांशी बोलून त्यांनी दाखवले की घरांची रचनाच अशी होती की लोकांना ती आपल्या सोयीने बदलता आली. ज्याला अपयश म्हटले जात होते, त्यात घराचा एक गुणही दडलेला होता. पुढे १९८० मध्ये तेथील एका घराला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि २०१६ मध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्या सात देशांतील सतरा कामांबरोबर ही वसाहत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. त्याच यादीत चंदीगडचा कॅपिटॉल परिसरही आहे.

यातून मला एक मधला मार्ग दिसतो. सगळी घरे गोठवून ठेवण्याची गरज नाही. पण एखाद-दुसरे घर मूळ रूपात राहावे, त्याचा खर्च सरकारने किंवा समाजाने उचलावा आणि बाकीच्या घरांची मोजमापे, नकाशे, छायाचित्रे नोंदवून ठेवावीत. मूळ काय होते हे माहीत असेल, तरच पुढच्या पिढीला बदल कोठे शहाणपणाचा झाला आणि कोठे लोभाचा, हे कळेल.

आपणा ख्रिस्ती लोकांना हा अनुभव नवा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) जगभरच्या जुन्या चर्चमध्ये वेदी भिंतीपासून पुढे आणली गेली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करू लागले. इमारत बदलली, पण ती ज्यासाठी होती ते अधिक स्पष्ट व्हावे म्हणून बदलली. त्याच वेळी काही ठिकाणी सुंदर जुने लाकूडकाम निष्काळजीपणे काढून टाकले गेले, तेही खरे. बदल योग्य असतो, तेव्हाही तो हळुवार हाताने करावा लागतो.

आपल्या गावात

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. आपल्याकडची जुनी घरे मातीच्या भिंतींची आणि कवेलूंची. पुढे अंगण, मग छपरी, आत माजघर, मागे सांदवाडी. उन्हाळ्यात भंडाऱ्याचा पारा चढतो तेव्हा त्या जाड भिंती आणि उंच कवेलू यांची किंमत कळते. आज घरकुल योजनेत पक्के घर मिळते, आणि ते मिळालेच पाहिजे. पावसात भिंत खचण्याची भीती ज्याने अनुभवली आहे, त्याला मातीच्या घराचे कौतुक ऐकवू नये. पण घरकुलाचा स्लॅब टाकताना अंगणही आपण सिमेंटने भरतो, छपरी काढून टाकतो, दारासमोर उंच भिंत घालतो. छपरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'या बसा' म्हणण्याची रीत त्या भिंतीआड जाते. मातीच्या भिंती जाणे समजू शकतो. छपरी जाण्याचे मात्र काही कारण नव्हते. नव्या घरालाही ती शोभली असती.

गोसीखुर्द धरणामुळे ज्यांना गाव सोडावे लागले, त्यांना हे अधिक चांगले ठाऊक आहे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या त्या धरणाच्या पाण्यात कितीतरी घरे गेली. पुनर्वसनाच्या गावठाणात सरळ रस्ते आणि आखलेले भूखंड मिळाले. जुन्या गावातली कोण कोणाच्या शेजारी, कोणत्या झाडाखाली चावडी, ही रचना नकाशावर नव्हती. म्हणून ती सोबत नेणे कोणाला सुचलेही नसेल. तरी ज्या घरांनी नव्या जागीही शेजार धरून ठेवला, पुढे थोडे अंगण सोडले, त्यांनी आपल्या गावाचा वारसा वाचवला असे मी म्हणेन, मग त्यांच्या घरात जुनी एकही वीट नसो.

आणि शेवटी तो प्रसंग, जो घरोघर येतो: भावाभावांची वाटणी. घर दोघांत विभागते, हे काही पाप नाही. संसार वाढले की चुली वेगळ्या होतात. पण अंगणाच्या मधोमध भिंत घालण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारावे, ही भिंत गरजेची आहे की रागाची? गरजेची असेल, तर तिला एक दार ठेवता येते. रागाच्या भिंतीत दार नसते.

तेव्हा घराला हात लावताना तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. हे घर ज्यासाठी बांधले होते, ते या बदलाने अधिक साधते की कमी? या बदलाचा त्रास शेजाऱ्याला, भाडेकरूला किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तर होत नाही? आणि आपल्यामागून येणाऱ्याला आणखी बदलायला आपण जागा सोडली आहे का? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर निर्धास्त मजला चढवा. पाडण्याआधी मात्र मोबाइलवर जुन्या घराची चार छायाचित्रे काढून ठेवा, आजीला विचारून कोणती खोली कोणी आणि केव्हा बांधली ते लिहून ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत.

या आठवड्यात जेवताना घरात हा विषय काढा. लहान मुलांना विचारा, आपल्या घरातली कोणती गोष्ट कधीच बदलू नये असे त्यांना वाटते. बहुतेक मुले भिंतीचा रंग सांगणार नाहीत. ती अंगणातले झाड सांगतील, किंवा शेजारच्या घरात जायची वाट. ती वाट बुजणार नाही, एवढी काळजी आपण मोठ्यांनी घ्यावी.

आपला,
फादर